शेणखड्ड्यातले चमचे

वाघांच्या जंगलाच्या मोहर्ली गेटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. गावापासून तीन किलोमीटरवर ते रिसॉर्ट, जिथल्या किचनात मी भांडी घासणाऱ्या बायांची मुख्य आहे. भांडेवाली म्हणा, मला राग नाही. पण सहा बाया माझ्या हाताखाली आहेत, गळ्यात फोटोचं कार्ड आहे, आणि आमच्या घरात कार्ड घालून कामावर जाणारी मी पहिलीच बाई. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते त्या कार्डापायी केलं.

पाहुण्या बाया कधी कधी किचन बघायला मागच्या दाराने येतात. हौस असते एकेकीला. विचारतात, ताई, तुम्हाला इथे वाघाची भीती नाही वाटत? मी सांगते, नाही बाई, सवय आहे. साफ खोटं. वाघाची सवय कोणालाच होत नाही, फक्त त्याच्याबद्दल न बोलायची सवय होते. आमच्याकडे तर त्याचं नावही घेत नाहीत, जनावर म्हणतात. पण त्या वर्षी डिसेंबरात मी आधी ज्याला घाबरले ते जनावर नव्हतं. तो होता तेलाचा रिकामा पिपा, वरून धानाचा भुसा पसरलेला, आत काय आहे ते कोणाला दिसू नये म्हणून.

लोकांना वाटतं, हॉटेलातली भांडी घासली की काम संपलं. घासलेलं पाणी जातं कुठे, हे कोणी विचारत नाही. गर्दीच्या दिवसांत आमच्याकडे दोनशे माणसं जेवतात. चिकनचे गंज, म्हणजे मोठाली पातेली, मटणाचे गंज, पुऱ्यांच्या कढया, भज्यांचे झारे, या सगळ्याचं ओशट पाणी नालीतून किचनमागच्या टाकीत उतरतं. साहेब लोक तिला ग्रीस ट्रॅप म्हणतात, आम्ही नुसती टाकी. सिमेंटची, तीन कप्प्यांची, वर लोखंडी झाकणं. खरकटं आणि गाळ तळाशी बसतो, चरबी वर तरंगते, मधलं पाणी तेवढं पुढे शोषखड्ड्यात जातं. ती चरबी दर दोन दिवसांनी काढावी लागते. नाही काढली तर नालीत थिजते, आणि सगळी घाण उलटी किचनात येते. थंडीत तर तिचा चार बोटं जाड थर जमतो, झाऱ्याने कापून काढावा लागतो.

त्या वासाला मी आजवर नाव शोधते आहे. नासकं लोणी म्हणावं तर तेवढं सोपं नाही. घरी जाऊन दोनदा साबण लावला तरी रात्री जेवताना घासाबरोबर नाकात येतो. सुरुवातीला मी जेवायचेच नाही. मग सवय झाली. या वासाची मात्र खरंच होते.

आणि गाळात हमखास सापडायचे चमचे. चहाचे छोटे, दांड्यावर रिसॉर्टच्या खुणेचं मोहाचं पान कोरलेले. ताटातल्या उष्ट्याबरोबर निसटायचे, जाळीतून खाली जायचे. गाळ उपसताना हातमोजा घालून चाचपून बघायचं, हा नियम मीच घातलेला. पण दोनशे ताटं समोर पडलेली असली की चाचपतो कोण!

टाकीतला माल न्यायला दर आठवड्याला चंद्रपुरातून गाडी यायची. पाइप टाकायची, सगळं ओढून न्यायची. त्या डिसेंबरात गाडी यायची थांबली. फोन केला की गाडीवाला म्हणायचा, उद्या येतो. त्याचा उद्या काही उजाडला नाही. रिसॉर्ट तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून पार एक जानेवारीपर्यंत भरलेलं. टाकी भरली, मग आम्ही चरबी आणि गाळ पिप्यांत काढून ठेवायला लागलो, मग पिपे भरले. वाऱ्याची दिशा बदलली की वास थेट पाहुण्यांच्या जेवणाच्या मांडवात.

आमचा मॅनेजर तरुण पोरगा, वाईट नाही, पण भित्रा. बफरमध्ये, जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, असला कचरा उघड्यावर पडलेला फॉरेस्टवाल्यांना दिसला तर त्याची खैर नव्हती, आणि वास आला म्हणून पाहुण्यांनी तक्रार लिहिली तरी नव्हती. एका दुपारी तो नाकाला रुमाल लावून मागे आला. पिप्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ताई, काहीतरी करा. पण काय केलं ते मला सांगू नका."

मी मान हलवली. मोठी मान हलवणारी! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तशातली मी. डोकं चालवलं. आमच्या घरी काहीच वाया जात नाही. शेण, राख, तूस, खरकटं, सगळं गावाच्या कडेला नाल्यापाशी आमचा शेणखड्डा आहे त्यात जातं आणि पुढच्या वर्षी धानाला खत होतं. मग ही चरबी तरी काय, खाण्याचंच उरलेलं ना? राइस मिलमधून भुसा आणला, पिप्यात घोळला, लोणच्याच्या मसाल्यासारखं सगळं एकत्र केलं. ओल गेली, वासही बराच दबला. बाया म्हणाल्या, बाई तुमचं डोकं म्हणजे. मी फुगले.

भाजीचा ऑटो दुपारी दोनला रिकामा परत जायचा, आमच्या गावावरून. त्यात चार पिपे टाकायचे, नाल्यापाशी उतरायचं, खड्ड्यात ओतायचं, वर दोन घमेली शेण, आणि रिकामे पिपे घेऊन चालत परत कामावर. तासाभराचं काम. गाव त्या वेळी शेतात असतं. माझी सासू जेवून पडलेली असते.

सासूपासून मी हे लपवलं. घरी आम्ही दोघीच. नवरा माजरीला कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडे आहे, पंधरा दिवसांनी येतो. मुलगी चंद्रपुरात शिकायला. सासूचं वय सत्तरीच्या घरात, मी तिला आत्याबाई म्हणते. तिच्या सासऱ्याने छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच दिवसापासून गावची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. नवी नवरी म्हणून या घरात आली तेव्हा तिला पहिली गोष्ट हीच सांगितली गेली, आणि मी आले तेव्हा तिने मला हीच सांगितली: दुसऱ्याची घाण आपल्या दारात आणायची नाही. अशा बाईला मी कुठल्या तोंडाने सांगणार होते की दोनशे परक्या माणसांचं उष्टं मी आपल्या खड्ड्यात पुरते आहे?

चौथ्या दिवशी खड्डा उकरलेला दिसला. डुकरं आली होती. आमच्याकडे रानडुकरं नवी नाहीत, धान उभं असताना रोजची डोकेदुखी. पण धान कापून नेल्यावर ती गावाकडे फारशी फिरकत नाहीत. आता आली, आणि रोज यायला लागली. लोकांना नवल वाटलं. मला नाही वाटलं. 

मॅनेजरला जाऊन म्हटलं, सर, गाडीचं बघा, मला आता जमणार नाही. त्याने हात जोडले. फक्त एकतीस तारखेपर्यंत, म्हणाला. मी आणखी एकदा चार पिपे नेले.

त्यानंतर दोन दिवसांनी नाल्याच्या रेतीत पंजे दिसले.

फॉरेस्टचा बीटगार्ड आला. आमच्याच भागातला, समजदार माणूस, मला वहिनी म्हणतो. त्याने पंजे मोजले, फोटो काढले, नाल्याच्या वरच्या अंगाला, खड्ड्यांपासून लांब, झाडाला कॅमेरा बांधला. सगळ्यांना गोळा करून सांगितलं की जनावर माणसामागे आलेलं नाही, डुकरामागे आलं आहे. डुक्कर कशाला येतं ते शोधा, ते बंद करा, जनावर आपोआप जाईल. तोवर सकाळी अंधुकात कोणी एकट्याने तिकडे जायचं नाही. गेलंच तर पाच-सहा जणांनी, डबे वाजवत. वाकायचं नाही, बसायचं नाही, बसलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. दिसलं तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही.

मग तो काठीने एकेक खड्डा ढोसत निघाला. मी त्याच्या मागे मागे. आमच्या खड्ड्यापाशी पोचला तेव्हा आत्याबाई आधीच तिथे उभी होती, कमरेवर हात देऊन. ती त्याला म्हणाली की आमच्या खड्ड्यात शेण आणि राखेशिवाय काही नाही, बघून घे. त्याने दोन ठिकाणी काठी खुपसली. खरंच काही नव्हतं. वर चांगला वीतभर राखेचा आणि मातीचा थर होता. मला वाटलं, डुकरांनी सगळं खाऊन टाकलं असेल. सुटले, असं वाटलं मला. खरंच असंच वाटलं.

संशय गेला रस्त्यावर कोंबड्या कापणाऱ्यावर. आतडी, पिसं तोच फेकत असेल, दुसरं कोण? तो बिचारा पोराबाळांची शपथ घेऊन सांगत होता की मी सगळं पुरतो. कोणी ऐकलं नाही. दोन दिवस त्याचं दुकान बंद करायला लावलं. मी तिथेच उभी होते, ओढणी तोंडाला लावून. त्याच आठवड्यात पौर्णिमा आली. विहारात वंदनेला बसलो. पंचशील म्हणताना सगळ्यांबरोबर माझंही तोंड चालू होतं, पण चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही म्हणतो तिथे, माझा आवाजच निघेना. शेजारी आत्याबाई बसली होती. तिचाही आवाज मला ऐकू आला नाही. म्हटलं, म्हातारीला धाप लागली असेल.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना लाज वाटते. पंजे दिसल्यानंतरही, वर्ष संपायला तीन दिवस असताना, मी एकदा पिपे नेले. मॅनेजर म्हणाला, ताई, शेवटचं. मला नाही म्हणता आलं असतं. तोंडावर सांगायची बाई आहे मी, सगळा स्टाफ माझ्या तोंडाला घाबरतो. पण नाही म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, मग आधीचं कोणी टाकलं? आणि माझ्या कार्डावर दुसऱ्या बाईचा फोटो लागला असता. त्या दिवशी ओतताना मी सारखी मागे बघत होते. नाल्यापलीकडे तुरीचं शेत, त्यात वारा शिरला तरी मी पिपा खाली ठेवत होते. शेण टाकायचंही राहिलं. पिपे तिथेच टाकून पळत सुटले.

पंजे दिसल्यापासून भीती कधी बसली आणि कधी उठली असं झालंच नाही, ती बसूनच होती. किचनात गंज पडला की मी दचकायचे. घरी मागच्या दाराला दोनदा कडी लावायचे. आणि सगळ्यात जास्त जीव टांगलेला असायचा तो आत्याबाईपायी. पूर्वी ती चहा पिऊन, ऊन अंगावर घेऊन, आठच्या सुमाराला शेणाची टोपली घेऊन खड्ड्यावर जायची. आता उजाडायच्या आतच निघायला लागली. टोपलीत शेणावर चुलीतली राख भरलेली. मी आडवी झाले, ओरडले, हातापाया पडले. मी घरी आल्यावर दुपारी मी टाकीन म्हटलं. ऐकेल तर शपथ. गाय सकाळीच शेण टाकते, म्हणायची, ते दुपारपर्यंत गोठ्यात ठेवू काय? म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असं मी बायांना सांगायचे. तिला काही झालं तर ते माझ्या हातून झालेलं असेल, हे कोणाला सांगणार?

एक वाक्य होतं. गार्डला जाऊन एक वाक्य बोललं असतं तर सगळं थांबलं असतं. रोज कामावर जाताना ते जिभेवर यायचं, रोज मी गिळायचे.

वर्ष संपायला दोन दिवस होते. सकाळी धुकं होतं, अंगणातला पेरू दिसत नव्हता. मी वेणी घालत होते, सातला आम्हाला न्यायला जीप येते. नाल्याकडून वानर खाकरलं. एकदा, मग थांबून पुन्हा. मग दोन-तीन वानरं एकदम. मग चितळ ओरडलं. हे आवाज आमच्याकडे लहान पोरालाही कळतात: जनावर जवळ आहे. मी आत्याबाईला हाक मारली. उत्तर नाही. तिची गोधडी घडी घालून ठेवलेली. टोपली जागेवर नाही.

गार्डने सांगितलं होतं, पाच-सहा जण जा. शेजारचं दार दहा पावलांवर होतं. मी त्या दारापर्यंत गेले, हात वर केला, आणि थांबले. सगळे आले तर खड्डा बघतील. वर नुसता भुसा पडलेला, बाजूला रिसॉर्टचे पिपे. बघा, सासू तिकडे, जनावर तिकडे, आणि माझ्या डोक्यात पिपे! किती वेळ थांबले सांगता येणार नाही. एक श्वास असेल. पण थांबले. मग दार न वाजवता तशीच नाल्याकडे धावले, हातात दाराला लावायचा आडण्याचा बांबू.

खड्ड्याच्या अलीकडे तणशीचा, धानाच्या पेंढ्याचा, ढीग आहे. त्याच्या आडोशाला आत्याबाई दिसली. बसलेली. दोन्ही हात खड्ड्यात कोपरापर्यंत घातलेले, राखेने भरलेले. ती माझ्याकडे बघत नव्हती. खड्ड्यापलीकडे घाणेरीच्या झुडपात बघत होती, वीस पावलांवर. तिथे काळं डुक्कर आडवं पडलेलं होतं आणि त्याच्यावर पुढचे दोन पाय ठेवून तो बसला होता.

मी त्याला गाडीतून पाहिलं आहे, रस्ता ओलांडताना पाहिलं आहे. असं नाही. धुक्यात त्याचा रंग नीट दिसत नव्हता, तोंडाची वाफ दिसत होती. त्याने मला बघितलं आणि घशातून आवाज काढला. तो आवाज कानाला नाही ऐकू आला, पोटाला ऐकू आला. मी ओरडायला तोंड उघडलं. माझा आवाज सगळ्या किचनात गाजलेला, दोन गंजांच्या आदळाआपटीवरून ऐकू जातो. त्यातलं टीचभरही बाहेर निघालं नाही. बांबू हातात होता तो कधी पडला, कळलं नाही. माझी सलवार ओली झाली. हेही सांगतेच, आता काय लपवायचं.

आत्याबाईने हात हळूच बाहेर काढले. तणशीला धरून उठली, पूर्ण उभी राहिली. लहानखुरी बाई ती, माझ्या खांद्याला लागते. मग शेजारणीशी बोलावं तशा आवाजात ती त्याच्याशी बोलली.

"तू खाय बापा. आमी जाऊन राह्यलो. तुह्या घासाले आमी हात नाई लावला."

आणि मला, तोंड न वळवता, "पाठ नोको दाखवू."

आम्ही मागे मागे निघालो. तिने माझं मनगट धरलं होतं. ती सारखी बोलत होती, धान किती झालं, गाय कधी विणार, असलं काहीही. तो उठला. मला वाटलं, झालं. त्याने डुकराला मानेत धरलं आणि ओढत घाणेरीच्या आत नेलं. झुडूप हललं, मग थांबलं. आम्ही तरी उलट्याच चालत राहिलो, थेट घराच्या पायरीला टाच लागेपर्यंत.

कडी लावली. मी जमिनीवरच बसले. आणि मग माझा आवाज आला. जो तिकडे यायला हवा होता तो इथे आला. मी तिला इतकं बोलले, इतकं बोलले. मरायचं होतं का, आम्हाला गावात तोंड दाखवायला जागा ठेवायची नव्हती का, तुमच्या हट्टापायी माझा संसार उघडा पडला असता. ती राखेचे हात तसेच धरून ऐकत होती. माझं संपल्यावर उठली, साखरेच्या डब्यामागून एक फडकं काढलं आणि माझ्यापुढे सोडलं.

चमचे होते. सात. घासून, पुसून लख्ख. दांड्यावर मोहाचं पान.

मी एकेक उलटून बघितला. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि आता तिचे पाय थरथरायला लागले, मी दाबून धरले तरी थांबेनात.

"पहिल्याच दिवशी मले वास आला. तू कामावरून आली का तुह्या अंगाले जो येते, तोच वास."

डुकरं रोज उकरत होती आणि ती रोज उजाडायच्या आत जाऊन बुजवत होती, राख टाकत होती, माती ओढत होती, हाताने चाचपून रिसॉर्टची खूण शोधून काढत होती. जो हातमोजा घालून चाचपायचा नियम मी सहा बायांना घातला होता, ते काम माझ्या सासूने उघड्या हाताने केलं, जनावराच्या वाटेवर बसून. ज्या घरात दुसऱ्याची घाण आणायची नाही त्याच घरातल्या म्हातारीने. आणि मी रिकाम्या पिप्यांना घाबरून दार वाजवलं नव्हतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती मला थोपटत नव्हती, तिलाही रडू येत होतं.

जीप येऊन हॉर्न वाजवून गेली. मी कपडे बदलले, चमचे फडक्यात बांधले आणि शेजारचं दार वाजवलं.

गार्ड आला, माणसं आली, डबे वाजवत सगळे नाल्यापर्यंत गेले. तो डुक्कर घेऊन आत निघून गेला होता. मी सगळ्यांसमोर फडकं सोडलं आणि ते वाक्य बोलले: हे मी आणून टाकलं, कोंबडीवाल्याने नाही.  कोंबडीवाला होता तिथे, तो खाली बघत होता. त्याच्यापुढे मी हात जोडले, तर तो बाजूला सरकला. त्याने अजून मला माफ केलेलं नाही, आणि करावं असं मीही म्हणत नाही.

खड्डा उपसला, सगळं पिंपांत भरून झाकणं घट्ट केली. गार्डने रिसॉर्टवर कागद केले. चंद्रपूरची गाडी दुसऱ्याच दिवशी आली. म्हणजे येऊ शकत होती! मॅनेजरने मला आठ दिवस घरी बसवलं, मग त्यालाच सहा बायांनी घेरलं आणि त्याने परत बोलावलं. तो आता माझ्याकडे बघून बोलत नाही. मी गाडी आल्याशिवाय टाकीचं झाकण उघडू देत नाही. जनावर पुढच्या महिन्यात आतल्या बाजूला सरकलं, कॅमेऱ्यात दिसलं म्हणतात. आत्याबाई मात्र त्या दिवसापासून बदलली. वानर खाकरलं की जिथे असेल तिथे भिंत धरते. जी बाई त्याच्याशी बोलली, तिला आता गोठ्यात जायलाही सोबत लागते. रोज सकाळी मी तिच्यासोबत उभी राहते.

त्या सकाळचं एक राहिलं. खड्डा उपसून झाल्यावर गार्डने काठी टेकली आणि तिच्याकडे वळला. खड्डे तपासले त्या दिवशी तिने त्याच्या तोंडावर खोटं सांगितलं होतं, ते त्याला लागलं होतं.

"बाई, तुमाले सगळं माहीत होतं. मग मले काऊन नाई सांगतलं? जीव गेला असता ना तुमचा."

ती त्याच्याकडे बघत नव्हती. माझ्या गळ्याकडे बघत होती.

"सांगतलं असतं त तिचं कार्ड गेलं असतं."

मी ते तेव्हा घालूनच उभी होते. कपडे बदलताना सवयीने घातलं होतं.